सातबारा आणि एआय एजंट : डेटाबेसच्या साधनांचे दस्तऐवजीकरण

एआय एजंटला डेटाबेस वापरायला दिला जातो, तेव्हा त्याच्या हाती दोनच गोष्टी येतात : माहिती काढण्याचे साधन आणि त्या साधनाचे लेखी वर्णन. साधन म्हणजे एखादे फंक्शन. त्याला गाव, सर्व्हे क्रमांक, तारीख असे काही दिले की ते डेटाबेसमधून नोंदी काढून देते. वर्णन म्हणजे ते फंक्शन काय करते, त्याला काय द्यायचे आणि परत काय मिळते, हे सांगणारा मजकूर. टेबल कोणी आणि कशासाठी बनवले, कोणता रकाना बरीच वर्षे रिकामाच राहतो, कोणत्या आकड्याची कार्यालयातली माणसे आधी खातरजमा करून घेतात, यातले जेवढे वर्णनात असेल तेवढेच एजंटला कळते. नवा कारकून शेजारच्या टेबलावर जाऊन विचारू शकतो. एजंट सहसा विचारत नाही. जे लिहिलेले नाही ते तो अंदाजाने भरतो आणि उत्तर ठाम भाषेत देतो. त्यामुळे हे वर्णन साधनाचाच भाग धरावे लागते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा अभ्यास करायला जमिनीच्या नोंदींइतका चांगला नमुना दुसरा नाही. नोंदी संगणकावर आहेत, लाखो लोकांना त्यांची गरज पडते, आणि त्यांचा अर्थ मात्र अजूनही मोठ्या प्रमाणात तलाठी, मंडळ अधिकारी आणि भूकरमापक यांच्या डोक्यात आहे. या लेखात उदाहरणादाखल मौजे कात्रप, तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे हे गाव घेतले आहे. बदलापूर पूर्वेचा हा भाग कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत येतो. शेतजमीन, बिनशेती जमीन, गृहसंकुले, नगरपरिषदेची मालमत्ता कर आकारणी आणि महारेराची प्रकल्प नोंदणी हे सगळे इथे एकाच मातीवर येते. एखादा एजंट या नोंदी वाचू लागला तर त्याच्या वर्णनात काय असायला हवे, ते या गावावरून नीट पाहता येते.

मागचा पन्नास वर्षांचा प्रवास

साध्या भाषेत प्रश्न विचारून डेटाबेसमधून उत्तर मिळवण्याची इच्छा डेटाबेसइतकीच जुनी आहे. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडले. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली आयबीएममध्ये सीक्वेल ही भाषा मांडली. तिचेच पुढे एसक्यूएल झाले. त्याच दशकाच्या आरंभी विल्यम वुड्स यांच्या चमूने ल्युनार ही प्रणाली बनवली. चंद्रावरून आणलेल्या दगडांच्या रासायनिक विश्लेषणाबद्दल भूशास्त्रज्ञ तिला इंग्रजीत प्रश्न विचारू शकत. ती चालली, कारण तिचे जग लहान होते आणि त्या जगातला प्रत्येक शब्द कोणीतरी हाताने तिच्यात बसवला होता. पुढच्या प्रणाली मोठ्या डेटाबेसवर नेल्या गेल्या, तेव्हा हे हाताने बसवणेच जड झाले.

मोठी भाषा-मॉडेले आल्यावर एसक्यूएल लिहिण्याचा भाग झपाट्याने सोपा झाला. येल विद्यापीठाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या स्पायडर या चाचणीसंचात २०० डेटाबेस आणि १०,१८१ प्रश्न आहेत. काही वर्षांतच मॉडेले त्यावर ९० टक्क्यांच्या पुढे गेली. पण त्यातली टेबले स्वच्छ होती आणि रकान्यांची नावे बोलकी होती. २०२३ च्या बर्ड या संचात ९५ डेटाबेस आणि १२,७५१ प्रश्न घेतले, आणि त्यांतला मजकूर प्रत्यक्ष व्यवहारात असतो तसा मळलेला ठेवला. माणसे तिथे सुमारे ९३ टक्के अचूक ठरली, तर चॅटजीपीटी ४० टक्क्यांच्या आसपास. या संचातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. प्रश्नाबरोबर रकान्याचा अर्थ, संकेतांचे मूल्य, हिशेबाचे सूत्र अशी एखाद-दुसरी ओळ दिली की जीपीटी-४ ची अचूकता सुमारे ३५ वरून ५५ टक्क्यांवर गेली. मॉडेल तेच, डेटाबेस तोच, फरक फक्त लिहून दिलेल्या अर्थाचा. २०२४ च्या स्पायडर २.० मध्ये खऱ्या कंपन्यांतल्यासारखी, हजारांहून अधिक रकाने असलेली कोठारे घेतली. तिथे, जुन्या स्पायडरवर ९१ टक्के मिळवणाऱ्या त्याच एजंट-पद्धतीला ६३२ पैकी जेमतेम पाचव्या हिश्श्याची कामे जमली.

साधन आणि मॉडेल यांना जोडण्याची रीतही याच काळात ठरत गेली. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंगची सोय दिली; साधनाचे नाव, वर्णन आणि त्याला द्यायच्या मूल्यांची जेसन स्वरूपातली रचना असा तिचा साचा होता. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला. त्यातही गाभा तोच राहिला. म्हणजे आज कोणत्याही एजंटला डेटाबेसचे साधन देताना, कोणीतरी माणूस बसून वर्णनाच्या चौकटीत काही वाक्ये लिहितो. या क्षेत्रातल्या बहुतेक चुकांचे मूळ त्या वाक्यांत सापडते.

एक ओळ म्हणजे काय

टेबलातली एक ओळ प्रत्यक्षात काय दाखवते, हे वर्णनात सर्वांत आधी आणि निःसंदिग्ध लिहिलेले हवे. सातबाऱ्याच्या बाबतीत ओळ जमिनीच्या तुकड्याची असू शकते, खात्याची असू शकते किंवा खातेदाराच्या नावाची. चार भावांची सामाईक जमीन ४० आर असेल आणि टेबलात प्रत्येक भावाची वेगळी ओळ असेल, तर प्रत्येक ओळीपुढे तेच ४० आर छापलेले असतात. एजंटने क्षेत्राची बेरीज मागितली की उत्तर १६० आर येते. एसक्यूएल बिनचूक, उत्तर चौपट. ही चूक डेटाबेस सांगत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच चुकलेले नाही. 'एक ओळ म्हणजे एका हिश्श्यातील एक खातेदार. क्षेत्राची बेरीज हिस्सा-पातळीवरच करावी. सामाईक खात्यात प्रत्येकाचा वाटा या टेबलात नाही' एवढी तीन वाक्ये असती तर ती टळली असती.

गाव नमुना सात, बारा, आठ-अ आणि सहा ही चार टेबले एकाच जमिनीची चार वेगळी चित्रे आहेत, हेही तितकेच स्पष्ट लिहावे लागते. नमुना सात हा अधिकार अभिलेख आहे, बारा ही पिकांची नोंद. आठ-अ मध्ये एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनी एकत्र येतात. सहा ही फेरफारांची नोंदवही. 'अमुक व्यक्तीची कात्रपमध्ये किती जमीन आहे' हा प्रश्न आठ-अ चा आहे, 'या तुकड्यावर कोणाचे नाव आहे' हा सातचा, आणि 'हे नाव कधी व कशाने लागले' हा सहाचा. साधनांच्या वर्णनात प्रत्येकाचे काम लिहिताना कोणते काम त्याचे नाही हेही लिहिले, तर एजंट योग्य साधन उचलतो. बहुतेक दस्तऐवजांत हा नकाराचा भाग नसतो.

एककांचा घोटाळा

क्षेत्राच्या रकान्याइतका सापळा सातबाऱ्यात दुसरा नाही. शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटर असे लिहितात. शंभर चौरस मीटरचा एक आर, शंभर आरचा एक हेक्टर. २०२० साली ठरलेल्या सातबाऱ्याच्या नव्या नमुन्यात बिनशेती जमिनीसाठी मात्र आर-चौरस मीटर हे एकक वापरले जाते. कात्रपसारख्या गावात दोन्ही प्रकारच्या जमिनी शेजारी-शेजारी आहेत. एखाद्या रकान्यात ४.२५ असा आकडा दिसला आणि ती जमीन बिनशेती असेल, तर अर्थ ४ आर २५ चौरस मीटर, म्हणजे ४२५ चौरस मीटर. एजंटने तो हेक्टर समजून वाचला तर ४२,५०० चौरस मीटर होतात. शंभरपट फरक.

दुसरा धोका टिंबांचा. ०.४२.५० हे दशांश म्हणून ०.४२५० हेक्टर वाचले तरी उत्तर ४,२५० चौरस मीटरच येते, त्यामुळे चाचणीत ही वाट बरोबर वाटते. पण ०.५.५ असे शून्ये न लावता भरलेले मूल्य म्हणजे ५ आर ५ चौरस मीटर, अर्थात ५०५ चौरस मीटर. दशांश धरून ०.५५ हेक्टर केले की ५,५०० होतात. त्यात लोक प्रश्न गुंठ्यांत विचारतात. गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटरचा आणि आर १०० चा. बोलताना दोन्ही एकच धरतात, पण मोठ्या क्षेत्रावर आणि शहरी दरांवर तो एक टक्का लहान राहत नाही. याला उपाय एकच : साधनाने क्षेत्र चौरस मीटरमध्ये वेगळ्या रकान्यात द्यावे, रकान्याच्या नावातच एकक घालावे, मूळ मजकूर शेजारी जसाच्या तसा ठेवावा आणि रूपांतर कोणी केले ते वर्णनात सांगावे. एकक एजंटच्या अंदाजावर सोडणे हा दस्तऐवज लिहिणाऱ्याचा दोष आहे.

पोटखराब्याचेही तसेच. लागवडीयोग्य क्षेत्र, पोटखराबा वर्ग अ आणि वर्ग ब, आणि या सगळ्यांचे एकूण क्षेत्र हे वेगळे रकाने आहेत. नुसते 'क्षेत्र' असे नाव दिले तर एजंट कोणते उचलेल, हे नशिबावर राहते.

रिकामे घर आणि खोडलेले नाव

रिकाम्या रकान्याचे अर्थ अनेक असतात आणि ते लिहिल्याशिवाय कळत नाहीत. नमुना बारामध्ये पीक कोरे असेल तर जमीन पडीक होती, पाहणीच झाली नाही, की जमीन बिनशेती झाल्याने नमुना बाराच लागू नाही? नव्या नमुन्यात बिनशेती क्षेत्रासाठी नमुना बाराची आवश्यकता नसल्याची सूचना छापली जाते. पण डेटाबेसमधून फक्त पिकांचे टेबल वाचणाऱ्या एजंटला ती सूचना दिसणार नाही. त्याला कात्रपमध्ये पिके घटत गेल्याचे दिसेल आणि तो दुष्काळापासून स्थलांतरापर्यंत काहीही कारण जोडू शकेल. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागला. नोंद करणाराच बदलल्यामुळे आधीची आणि नंतरची आकडेवारी सरळ एका रेषेत लावता येत नाही. दस्तऐवजात ही तारीख असायलाच हवी.

नावांचा प्रश्न याहून नाजूक आहे. जुन्या सातबाऱ्यावर हक्क संपलेली नावे कंसात ठेवली जात. नव्या नमुन्यात कमी केलेल्या खात्यांवर आडवी रेघ येते. माणूस कंस किंवा रेघ पाहून ते नाव वगळतो. डेटाबेसमध्ये ही खूण एखाद्या वेगळ्या रकान्यात संकेताच्या रूपाने बसते. एजंटला तो संकेत सांगितला नाही, तर दहा वर्षांपूर्वी जमीन विकलेला माणूस आजचा खातेदार म्हणून उत्तरात येतो. त्याचप्रमाणे फेरफाराला टप्पे असतात : नोंद घेतली जाते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित किंवा नामंजूर करतो. प्रलंबित फेरफार आणि प्रमाणित फेरफार यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. साधनाने 'सध्याचे खातेदार' असे काही परत दिले, तर त्यात प्रलंबित नोंदी धरल्या आहेत की नाहीत आणि माहिती कोणत्या तारखेची आहे, हे प्रत्येक उत्तराबरोबर आले पाहिजे. एकदा प्रस्तावनेत लिहून ते पुरत नाही.

भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २ यांची नोंदही अशीच जपून द्यायची आहे. वर्ग २ च्या जमिनीच्या हस्तांतरणावर बंधने असतात. वर्णन लिहिणाऱ्याने सोय म्हणून दोघांनाही मालक म्हटले, तर विक्रीबाबत विचारणाऱ्याला एजंट चुकीचा धीर देईल. महसुली संज्ञा मूळ रूपात ठेवून तिचा अर्थ दोन ओळींत देणे, हीच रीत सुरक्षित आहे. आणि सगळ्यांत वर एक वाक्य हवे : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातली नोंद आणि फेरफार नोंदवहीतली प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण महसुली नोंद स्वतः मालकी हक्क देत नाही, ही सर्वोच्च न्यायालयाने वारंवार मांडलेली भूमिका आहे. एजंटचे उत्तर कशाचा पुरावा आहे आणि कशाचा नाही, हे साधनाच्या वर्णनातच ठरून गेले पाहिजे.

कोणते कात्रप?

बदलापूरकराला कात्रप म्हणजे काय ते विचारावे लागत नाही. डेटाबेसला लागते. महसुलाच्या नोंदीत कात्रप हे मौजे आहे. टपालाच्या दृष्टीने हा पत्ता बदलापूरचा आहे. नगरपरिषदेच्या कामात प्रभाग असतात आणि त्यांच्या सीमा निवडणुकीगणिक बदलू शकतात. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या १,७४,२२६ अशी शहर म्हणून दिलेली आहे. कात्रप त्यात विरघळले आहे. 'कात्रपची लोकसंख्या किती' या प्रश्नाला त्या टेबलातून प्रामाणिक उत्तर 'या पातळीवर माहिती नाही' असे आहे. तसे उत्तर देण्याची मुभा आणि कारण वर्णनात लिहिलेले नसेल, तर एजंट शहराचा आकडा गावाच्या नावावर देऊन मोकळा होईल.

जिल्ह्याच्या पातळीवर तर ही चूक हमखास होते. २०११ च्या जनगणनेतला ठाणे जिल्हा सुमारे १ कोटी १० लाख लोकसंख्येचा होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर वेगळा झाला. त्यानंतरचा कोणताही आकडा त्या जुन्या ठाण्याशी तोलला की मोठी घसरण दिसते, आणि ती खोटी असते. महारेराच्या नोंदणी क्रमांकातही या विभाजनाची खूण आहे. ठाणे जिल्ह्यातील जुन्या नोंदणीच्या प्रकल्पांचे क्रमांक पी ५१७ ने सुरू होतात. ५१७ हा जनगणनेचा ठाण्याचा संकेतांक. मुंबई उपनगर ५१८, मुंबई शहर ५१९, रायगड ५२०, पुणे ५२१ ही ओळ त्याच क्रमाने जाते. पालघर मात्र ९९० वर येते, कारण जनगणनेच्या वेळी तो जिल्हा नव्हताच. क्रमांकावरून जिल्हा काढणारा एजंट नियम बरोबर ओळखेल आणि अपवादावर अडखळेल. अशा अपवादांसाठी वर्णनात जागा राखावी लागते.

लिपीमुळे येणाऱ्या अडचणी मराठी डेटाबेसला खास आहेत आणि परदेशी मार्गदर्शिकांत त्या सापडत नाहीत. 'बदलापूर' आणि 'बदलापुर', 'अंबरनाथ' आणि 'अम्बरनाथ' ही माणसाला एकच आहेत, डेटाबेसच्या तुलनेत वेगळी. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधीच्या आणि नंतरच्याही पुष्कळ मजकुरात ते अ वर चंद्र देऊन लिहिलेले आहे, त्यामुळे दिसायला सारखे 'ॲड.' शोधताना अर्ध्या नोंदी हुकतात. न दिसणारी जोडचिन्हे, देवनागरी आणि रोमन अंकांची सरमिसळ, युनिकोडपूर्व फॉन्टमधून रूपांतर करताना मोडलेली जोडाक्षरे या सगळ्यांचा हिशेब साधनाने आतून करावा, आणि तो कसा केला ते वर्णनात लिहावे. गावासाठी नावाऐवजी संकेतांक वापरणे हा सर्वांत भक्कम मार्ग आहे. नव्या सातबाऱ्यावर गावाचा स्थानिक शासन निर्देशिकेतला संकेतांक छापलेला असतो. आधी नावावरून संकेतांक शोधण्याचे साधन, मग संकेतांकावर चालणारी बाकीची साधने, अशी रचना केली की 'कोणते कात्रप' हा प्रश्न एकदाच आणि उघडपणे सुटतो. जुन्या दस्तांतला कल्याण तालुका आणि आजचा अंबरनाथ तालुका यांची सांगडही तिथेच घालता येते.

टेबले जोडताना नेमकी हीच सांगड तुटते. सातबारा सर्व्हे आणि हिस्सा क्रमांकावर चालतो, मालमत्ता कर मालमत्ता क्रमांकावर, महारेरा प्रकल्प क्रमांकावर. तिघांना बांधणारी एक किल्ली नाही. मालमत्ता कर भरणारा हा जमिनीचा खातेदार असेलच असे नाही, आणि प्रकल्पाच्या कागदात लिहिलेला सर्व्हे क्रमांक नंतर हिस्से पडून बदललेला असू शकतो. एजंट मात्र नावे जुळली की माणूस एकच धरतो. आडनाव आणि वडिलांचे नाव जुळणारी दोन माणसे एका गावात असणे इथे नेहमीचे आहे. कोणती टेबले कोणत्या रकान्यावर जोडता येतात याइतकेच, कोणती मुळीच जोडू नयेत हे लिहिणे महत्त्वाचे ठरते.

मोकळी क्वेरी की ठरावीक साधने

साधनांची रचना दोन टोकांची असू शकते. एका टोकाला एकच साधन : कोणतीही एसक्यूएल क्वेरी द्या, ते चालवून दाखवते. दुसऱ्या टोकाला नेमक्या कामांची लहान साधने : सर्व्हे क्रमांकावरून सातबारा, खातेदाराचा आठ-अ, दोन तारखांमधले फेरफार. पहिल्यात लवचिकता जास्त आणि सगळा अर्थ दस्तऐवजावर पेलायचा. दुसऱ्यात अर्थाचा बराच भाग साधनाच्या आतच बांधला जातो. शोध घेणाऱ्या विश्लेषकासाठी पहिली रीत ठीक आहे. नागरिकांच्या प्रश्नांसाठी, जिथे चुकीच्या उत्तराने माणसाचे पैसे किंवा जमीन अडकते, तिथे दुसरीच योग्य. मधला मार्ग म्हणून आकड्यांच्या व्याख्या एका जागी बांधून ठेवणारा अर्थस्तर वापरतात; डीबीटी (dbt) या डेटा-रूपांतराच्या सॉफ्टवेअरसारख्या साधनांत तशी सोय आहे.

सगळे वर्णन एकदम एजंटपुढे ओतता येत नाही. मॉडेलच्या संदर्भाला मर्यादा आहे, आणि देवनागरी मजकूर रोमनपेक्षा त्यात जास्त जागा खातो. म्हणून आधी टेबलांची यादी व प्रत्येकाची एक ओळ, मग मागितल्यास एका टेबलाचा पूर्ण तपशील, मग क्वेरी, असे पायऱ्यांनी देणे बरे. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये टेबल आणि रकान्यांना टिप्पणी जोडण्याची सोय आहे. अर्थ तिथेच लिहिला तर तो टेबलासोबत राहतो आणि साधनाला तो थेट वाचता येतो. दोन-चार पारखलेल्या नमुना क्वेरी पानभर वर्णनाइतके काम करतात. त्यांतली एखादी वर सांगितलेल्या सामाईक क्षेत्रासारख्या अवघड जागेची असावी.

चूक झाल्यावर येणारा संदेश हाही दस्तऐवजच आहे. 'क्वेरी अयशस्वी' एवढे वाचून एजंट तीच क्वेरी फिरवून फिरवून पाठवतो. 'सर्व्हे क्रमांक मिळाला, पण त्याचे हिस्से पडले आहेत. हिस्सा क्रमांक द्या किंवा हिश्श्यांची यादी मागवा' असे उत्तर आले तर पुढचे पाऊल बरोबर पडते. शून्य ओळी परत आल्या तर नोंद नाही, की गाव या डेटाबेसमध्ये नाही, की मागणाऱ्याला अधिकार नाही, हे वेगळे सांगावे. नोंदी ठरावीक मर्यादेला तोडल्या असतील तर तेही. नाहीतर पहिल्या शंभर ओळी मोजून एजंट संपूर्ण गावाचा आकडा सांगतो.

लेखी सूचना आणि प्रत्यक्ष कुलूप

वर्णनात 'फक्त वाचावे' असे लिहिणे म्हणजे संरक्षण नव्हे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत एका कोडिंग एजंटने, बदल करू नयेत अशी स्पष्ट सूचना असताना, चालू डेटाबेसमधल्या नोंदी पुसल्याची घटना गाजली. एमसीपीत साधनावर 'केवळ वाचन' अशी खूण करता येते, पण ती खूण विश्वासू सर्व्हरकडून आलेली नसल्यास तिच्यावर भिस्त ठेवू नये, असे त्या प्रमाणकातच म्हटले आहे. कुलूप डेटाबेसमध्येच हवे : वाचनापुरता अधिकार असलेले वेगळे खाते, क्वेरीला वेळेची मर्यादा, ओळींची मर्यादा, आणि गरजेपुरतेच रकाने दाखवणारे दृश्य टेबल. दुसरा धोका मजकुरातून येतो. 'इतर अधिकार' किंवा शेरा अशा मोकळ्या रकान्यात कोणी सूचनेसारखे वाक्य भरले, तर एजंट ते आज्ञा म्हणून पाळू शकतो. रकान्यातला मजकूर ही माहिती आहे, आदेश नाही, हे लिहावे आणि शक्यतो असे रकाने वेगळे ठेवावेत. सातबारा संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. तरी एका माणसाच्या सगळ्या जमिनी, कर आणि सदनिका क्षणात एकत्र करून देणारा एजंट ही वेगळी गोष्ट आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर ती गंभीरपणे घ्यावी लागते.

तपासणी आणि निगा

दस्तऐवज चांगला आहे की नाही हे वाचून ठरत नाही. एजंटला काम देऊन ठरते. उत्तर आधीच ठाऊक असलेले प्रश्न जमवावेत, ते प्रत्येक बदलानंतर पुन्हा चालवावेत, आणि एसक्यूएलचे शब्द न जुळवता निघालेले उत्तर जुळवावे. कात्रपसाठी अशा संचात सामाईक खाते, बिनशेती तुकडा, प्रलंबित फेरफार, कमी केलेले नाव, हिस्से पडलेला सर्व्हे क्रमांक आणि उत्तर नसलेला एक तरी प्रश्न असलाच पाहिजे. एजंटने मध्ये काय काय केले त्याची नोंद वाचणे सर्वांत फलदायी, कारण तो कुठे अंदाजावर गेला ते तिथे दिसते, आणि जिथे अंदाज आहे तिथेच वर्णनातले वाक्य कमी पडलेले असते. अँथ्रोपिकच्या अभियंत्यांनी २०२४ च्या अखेरीस लिहिले होते की सॉफ्टवेअरमधल्या दुरुस्त्या करणारा एजंट बांधताना मूळ सूचनेपेक्षा साधने सुधारण्यात त्यांचा वेळ जास्त गेला. इतरांचा अनुभवही याहून वेगळा नाही.

निगेचा प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी सुटलेला नाही. नमुना बदलतो, एकक बदलते, तालुका बदलतो, आणि वर्णन तसेच राहते. जुने वर्णन हे नसलेल्या वर्णनापेक्षा घातक, कारण एजंट त्यावर शंका घेत नाही. टेबलाच्या रचनेत बदल करणाऱ्यानेच, त्याच वेळी, वर्णनात बदल करावा आणि प्रश्नसंच चालवल्याशिवाय बदल लागू होऊ नये, हा नियम लहान वाटला तरी पाळायला कठीण आहे.

हे लिहायचे कोणी, याचे उत्तर आजवर 'सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने' असे धरले गेले. त्याला टेबल ठाऊक असते, जमीन ठाऊक नसते. कंसातले नाव कधी सोडायचे, आठ-अ ची बेरीज साताशी का जुळत नाही, कोणत्या वर्षाची पीकपाहणी अपुरी आहे, हे तलाठी सांगू शकतो. महसूल विभाग, भूमी अभिलेख कार्यालये आणि नगरपरिषदांनी एजंटसाठी डेटाबेस उघडण्याआधी या माणसांना लेखक म्हणून बसवावे, त्यांच्या नोंदींना कार्यालयीन कामाचा दर्जा द्यावा आणि त्या मराठीत लिहून घ्याव्यात. निवृत्त होत असलेल्या अनुभवी तलाठ्यांपासून सुरुवात केली तर ते काम आजही वेळेत होऊ शकते.